डहाणू-तलासरी : भूमी आणि माणूस

गुजरातच्या सीमेला टेकलेले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडतात. मुंबईहून डहाणू सव्वाशे किलोमीटरांच्या आतबाहेर. इतक्या जवळच्या या मुलखाविषयी आम्हां शहरवासी मंडळींचे ज्ञान बहुधा दोन गोष्टींत संपते : चिकू आणि वारली चित्रे. दोन्ही खऱ्याच आहेत. परंतु चिकू पिकतो कोणाच्या वाडीत आणि चित्र लिहिणारा हात वर्षाचे आठ महिने कोठे राबतो, हे विचारल्याखेरीज या भूमीचा भूगोल उलगडत नाही.

पश्चिमेस समुद्र व खाड्या. त्यांना लागून सखल, सुपीक पट्टी. पूर्वेस चढत जाणाऱ्या टेकड्या, साग, बांबू आणि गवताची माळराने. किनाऱ्यावर मांगेला, वाडवळ, भंडारी. डोंगरात वारली, कोकणा, कातकरी. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे डहाणू तालुक्यात आदिवासींचे प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक, तर तलासरीत ते शेकडा ९० च्या घरात आहे. पावसाळ्यात येथे पाणी धो धो वाहते आणि फाल्गुन-चैत्रात पाड्यावरच्या बाईला हंडा घेऊन दूर जावे लागते. ही विषमता निसर्गाची म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. आमच्या मते तो मोह आवरला पाहिजे.

भूगोलशास्त्रात ‘पृष्ठप्रदेश’ अशी एक संज्ञा आहे. एखादे बंदर किंवा महानगर ज्या मुलखाच्या मालावर व मजुरीवर पोसले जाते, तो त्याचा पृष्ठप्रदेश. १८६० नंतरच्या दशकात मुंबई-सुरत लोहमार्ग झाला आणि डहाणूचा डोंगर मुंबईच्या पृष्ठप्रदेशात जमा झाला. मुंबईला इमारती लाकूड हवे होते, कोळसा हवा होता. आणि आज नवल वाटेल, पण गवत हवे होते. गाड्यांचे घोडे व तबेल्यांतील म्हशी या गवतावर जगत. जे माळ वारल्याला गुरे चारण्यापुरते ठाऊक होते, त्याला एकाएकी बाजारभाव आला. भाव आला की मालक येतो. इकडे १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वनांची कुंपणे आवळली, सारा रोख भरावा लागू लागला आणि सावकाराच्या वहीत अंगठे उठू लागले. जमीन गेली, कसणारा मात्र त्याच जमिनीवर कूळ वा वेठबिगार म्हणून उरला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सरकारला दिलेल्या अहवालात या प्रथेची दखल घेतली आहे. तेव्हा हा मुलूख मुंबईपासून दूर म्हणून दरिद्री राहिला, असे म्हणता येत नाही. तो मुंबईच्या जवळ होता. मात्र त्या जवळिकीच्या अटी दुसऱ्यांनी ठरविल्या होत्या.

या अटी प्रथम नाकारल्या गेल्या त्या १९४५ साली. जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. शामराव व गोदावरी परुळेकर हे या चळवळीचे अध्वर्यू. पावसाळा सरताच गवतकापणीचा संप पुकारला गेला, आणि मागणी काय, तर पाचशे रतल गवतामागे अडीच रुपये! १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड याच्यासह पाचजण ठार झाले. संप मोडला नाही. पुढच्या वर्षी तो जंगलकामापर्यंत पोहोचला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच लढ्याचे आहे. भूगोल म्हणून ते कोणी वाचत नाही, पण वाचायला हरकत नाही.

किनाऱ्याच्या पट्टीची कथा वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घोलवड-डहाणू भागात चिकूची लागवड रुजली. ती वाढविण्यात इराणातून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांचा वाटा मोठा. फळ मूळचे मध्य अमेरिकेतले, बागाईतदार इराणातले, वाडीतला मजूर डोंगरातला आणि गिऱ्हाईक मुंबईचे! २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनात माती व हवा यांचा उल्लेख येतो, मजुरीचा नाही. असो.

१९६० साली राज्याची सीमा आखताना जुन्या उंबरगाव तालुक्याचे दोन भाग झाले. एक गुजरातेत गेला, तलासरी महाराष्ट्रात राहिली. बोली, सोयरिकी आणि बाजार मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना चालूच राहिले.

यानंतर या मुलखाला मागणी झाली ती विजेसाठी. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ साली सुरू झाले. तत्पूर्वीच, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा घातली गेली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरांचा संरक्षक पट्टा आखला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये खास प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ साली निवर्तेपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. केंद्राच्या धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असे प्राधिकरणाने १९९९ साली बजावले. ती बसली २००७ साली. कागदावरचा निर्बंध धुराड्यापर्यंत चढायला आठ वर्षे लागतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण येथील बंदरास नकार दिला होता. २०२३ च्या जुलैअखेर त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदरास परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२०० कोटी रुपयांच्या योजनेला संमती दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. विरोधकांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. बंदराच्या बाजूने सांगितले जाणारे कारण भूगोलाचेच आहे : येथे किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, त्यामुळे प्रचंड मालवाहू जहाजे लागू शकतील. कारण खोटे नाही. मात्र ज्या उथळ खडकाळ किनाऱ्यावर भराव पडावयाचा, तेथेच मासळीची वीण होते, असे वाढवण, वरोर आणि धाकटी डहाणूचे मच्छीमार सांगतात. तेही तितकेच भूगोलाचे आहे.

गवताचा भाव रतलावर मोजून मागता आला. कुळाला निदान १९५६ च्या कूळकायद्याच्या दुरुस्तीने, आणि जंगलात कसणाऱ्याला २००६ च्या वनहक्क कायद्याने, दावा सांगायला एक कागद मिळाला. मांगेल्याच्या डोलीची जागा समुद्रात असते. पिढ्यान्‌पिढ्या ती ठरलेली असली तरी तिचा सातबारा कोणत्याही तलाठ्याकडे निघत नाही. भरपाईची यादी करायला बसणारा अधिकारी तिची नोंद कोणत्या रकान्यात करील, हे अद्याप ठरावयाचे आहे.