मुलांच्या पुस्तकात आपलं घर दिसतं का?

तीन-चार वर्षांचं मूल पुस्तक वाचत नाही, ते चित्रं बघतं. चित्रातल्या घरात कोण राहतं, कोण काय घालतं, आईला काय म्हणून हाक मारतात, सगळं टिपून घेतं. आपल्याकडे अम्मी, अब्बा, दादी, खाला असतात. मराठी चित्रपुस्तकांत बहुतेक वेळा आई, बाबा, आजी, मावशीच भेटतात. त्यात वाईट काही नाही. पण एकाही पुस्तकात आपल्यासारखं घर नसेल, तर पुस्तक ही दुसऱ्यांची वस्तू आहे असं मुलाला वाटू लागतं.

अमेरिकेत हा प्रश्न आकड्यांत मांडला गेला. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली दाखवून दिलं की तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. पुढे १९९० मध्ये प्राध्यापक रुडीन सिम्स बिशप यांनी म्हटलं की पुस्तक मुलासाठी आरसा असतं आणि खिडकीही. ज्याला नेहमी फक्त स्वतःचाच चेहरा दिसतो, त्या मुलाचंही नुकसान होतं, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे शेजारच्या घरातल्या मुलांनाही आपल्या घराची खिडकी हवी, आणि आपल्या मुलांना त्यांची.

आता मुसलमान पात्र असलं की झालं, असं नाही. दाढी-टोपीवाले अत्तरविक्रेते चाचा आणि ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी, एवढ्यावरच बरीच पुस्तकं थांबतात. आमच्या मते खरी कमतरता साध्या दिवसांची आहे. शाळेचा डबा हरवलेली आयेशा, पावसात भिजलेला इम्रान, सायकल शिकवणारी आपा कुठे आहेत? एझ्रा जॅक कीट्स यांच्या १९६२ मधल्या ‘द स्नोई डे’ या पुस्तकात पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा दिवसभर बर्फात खेळतो, बस्स. त्याच्या रंगाचा उल्लेखही नाही. यावर टीकाही झाली, पण पुढच्याच वर्षी चित्रांसाठी त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं.

सणाची गोष्टही चांगली असू शकते. फौजिया गिलानी-विल्यम्स यांचं ‘इस्मत्स ईद’ हे चेन्नईच्या तुलिकाने काढलेलं पुस्तक एका चांभाराच्या लांब झालेल्या पायजम्याची गोष्ट सांगतं आणि मुलं खदखदून हसतात. थोड्या मोठ्या मुलांना प्रेमचंदांची ‘ईदगाह’ वाचून दाखवा. मेळ्यात खेळणं न घेता दादीसाठी चिमटा घेणारा हामिद त्यांना लगेच आपला वाटतो. लेखक मुसलमानच हवा असं नाही, हेही त्यातून कळतं.

पुस्तक घेताना नुसतं मुखपृष्ठ बघू नका. मुसलमान पात्र गोष्टीत काही करतं का, की फक्त गर्दीत उभं आहे? मुली काय करतात? गरीब माणूस फक्त दया करण्यापुरता आहे का? दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत हे कळतं.

पैशांची अडचण असेल तर प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ मोबाईलवर उघडा. २०१५ पासून तिथे गोष्टी फुकट मिळतात, मराठीतल्याही. परवाना खुला असल्याने नोंदणी करून तुम्ही स्वतः अनुवाद करू शकता. कोकणातल्या घरातली बोली, दादीने सांगितलेली गोष्ट, सगळं चालतं. घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर ते काम तिच्याकडे द्या.