‘महाल’ तोडताना

समजा, पत्ता ‘गांधी गेट, महाल, नागपूर ४४००३२’ असा आहे. पायथॉनमध्ये तो स्वल्पविरामावर स्प्लिट केला की तीन तुकडे मिळतात, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याआधी स्पेस चिकटून राहते. ती स्ट्रिपने काढावी. स्पेसवर तोडायचे असेल तर स्प्लिटचा कंस रिकामाच ठेवावा. खरी हानी होते ती रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये. शब्द वेचण्यासाठी पाठ्यपुस्तके जो नमुना शिकवतात (उलटी तिरपी रेघ, डब्ल्यू, अधिकचे चिन्ह) तो पायथॉनच्या अंगभूत ‘री’ मॉड्यूलमध्ये अक्षरे आणि अंक ओळखतो. काना, वेलांटी, अनुस्वार ओळखत नाही. युनिकोडमध्ये ही चिन्हे स्वतंत्र संकेत आहेत. ‘महाल’ची लांबी ४ भरते ती म्हणूनच. परिणामी ‘महाल’चे ‘मह’ आणि ‘ल’ होतात, काना गळतो. ‘गांधी’चे तर ‘ग’ आणि ‘ध’ एवढेच उरते. प्रोग्राम मात्र कुठलीही चूक दाखवत नाही, आणि मराठी नोंदींवर काम करणाऱ्याला हे फार महागात पडते. ‘रेजेक्स’ हे मॉड्यूल वेगळे बसवून घ्यावे. त्यात तोच नमुना ‘महाल’ अखंड देतो. — संपादक