नागमोडी रेघेची कुळकथा

जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फॉस्फेटच्या चिन्हामागे जी लहानशी नागमोडी रेघ काढलेली आढळते, तिचे कुळ शोधू लागले म्हणजे ऊष्मागतिकी आणि विकरविज्ञान ही दीर्घकाळ एकमेकांस अपरिचित राहिलेली दोन घराणी तिच्या ठिकाणी एकत्र आलेली दिसतात.

त्यांतील पहिले घराणे जुने. लाव्हाझ्ये आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिस येथे गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवून, वितळलेल्या पाण्यावरून त्याच्या देहाची उष्णता मोजली आणि श्वसन हे मंद ज्वलनच होय असा निर्वाळा दिला. परंतु उष्णतेपासून काम काढावयाचे तर तापमानात भेद असावा लागतो, आणि पेशीत तो जवळजवळ नसतोच. तेव्हा शर्करेच्या ज्वलनातील ऊर्जा देहाच्या कारणी कोणत्या वाटेने लागते, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

दुसऱ्या घराण्याचा उदय १८९७ चा. एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर खलून, पिळून काढलेला रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तो पेशीविरहित रसच त्यातील विकरांमुळे फसफसू लागला! पुढे लंडनमध्ये हार्डन व यंग यांना असे दिसले की, मंदावलेले हे किण्वन फॉस्फेट घालताच पुन्हा वेग घेते आणि ते फॉस्फेट शर्करेलाच जोडले जाते.

माझ्या मते या कथेचा मर्मभाग येथेच आहे. विकर विक्रियेला वेग देते. समतोलबिंदू मात्र ते तसूभरही हलवीत नाही. ग्लुकोजला सुटे फॉस्फेट जोडावयाचे तर प्रमाण परिस्थितीत मोलमागे सुमारे १३.८ किलोजूल मुक्त ऊर्जा, म्हणजे कामी लावता येणारी ऊर्जा, बाहेरून पुरवावी लागते, आणि या देण्यात सूट देण्याचा अखत्यार कोणत्याही विकरास नाही. मग ही भरपाई करतो कोण? १९२९ साली जीवरसायनशास्त्रज्ञ मायरहॉफ यांचे सहकारी लोमान यांना, आणि स्वतंत्रपणे हार्वर्डमधील फिस्के व भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना, स्नायूंत अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी, सापडले. त्याच्या जलविच्छेदनात ३०.५ किलोजूल मुक्त ऊर्जा सुटते. दोन्ही रकमांची वजाबाकी करता १६.७ किलोजूल उताराकडेच शिल्लक राहतात आणि विक्रिया पुढे सरकते. मात्र एटीपी नुसतेच पाण्याने फुटले, तर ती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाईल. हेक्झोकायनेज हे विकर त्याचे फॉस्फेट थेट ग्लुकोजच्या स्वाधीन करते, आणि विकराचे खरे थोरपण मला वेगापेक्षा या सांगडीतच अधिक प्रतीत होते.

एकेकाळी मायरहॉफ यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या फ्रिट्झ लिपमान यांनी १९४१ च्या आपल्या विस्तृत निबंधात ही विखुरलेली सामग्री एका सूत्रात गोवली आणि ऊर्जासंपन्न बंधाची खूण म्हणून ती नागमोडी रेघ काढली. ऊर्जा बंधात साठलेली नसून विक्रियेपूर्वीच्या व नंतरच्या द्रव्यांच्या मुक्त ऊर्जेतील तफावत म्हणजेच ती, असा रास्त आक्षेप पुढे रसायनशास्त्रज्ञांनी घेतला, शिवाय ३०.५ हा आकडाही प्रमाण परिस्थितीतला. जिवंत पेशी एटीपीला समतोलापासून फार दूर राखते, म्हणून तेथे ही तफावत मोलमागे ५० किलोजूलांच्या आसपास भरते.