ढेलजेपासून माजघरापर्यंत

मराठी वाड्यात शिरताना एकामागून एक ज्या जागा लागतात, त्यांची नावे एकदा सलग उच्चारून पाहावीत. प्रथम दरवाजा, मग ढेलज, पुढे सदर, वर दिवाणखाना. हे सारे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत. ढेलज म्हणजे दहलीज. सदर या मुळातल्या अरबी शब्दाचा अर्थ छाती, आणि त्यावरून पुढची, मानाची जागा. सदरेवर अंथरलेले जाजम, त्यावरचा गालिचा, टेकायचा तक्क्या, खांबांमधली महिरप, भिंतीवरची तसबीर यांचेही कूळ तेच. आता आणखी आत जावे. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीघर, न्हाणीघर, परसू. येथे फारसी जवळजवळ संपते. पुढे असतो तो ‘दरवाजा’ आणि मागे असते ते ‘परसदार’. एकाच वास्तूची दोन तोंडे दोन भाषांत बोलतात. मध्ये ओसरी तेवढी जुन्या प्राकृत वळणाची, आणि तीही नेमकी अंगण व घर यांच्या सीमेवर बसलेली.

हा केवळ शब्दांचा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. घराचा पुढचा भाग लोकांनी पाहावा म्हणून असतो आणि लोकांना जे कळते त्याच भाषेत तो सजवावा लागतो. पेशवाईतील वाड्यांचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आपण ‘मराठी शैली’ म्हणून अभिमानाने दाखवतो. त्यांची घडण मोगली इमारतींतील खांबांवरून आलेली आहे. दरबारी प्रतिष्ठेचे जे रूप त्या काळी हिंदुस्थानभर मान्य होते, तेच पुण्याच्या सदरेने घेतले. म्हणजे अठराव्या शतकात गायकवाड, होळकर आणि शिंदे यांच्या पाठोपाठ आपले पूर्वज जेव्हा देश सोडून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्याबरोबर निघालेल्या घराची पुढची बाजू आधीच उसनी होती. नव्या मुलखात ती पुन्हा एकदा उसनी घेण्यात त्यांना काही वावगे वाटले नसावे.

कोठे काय घेतले हे पाहण्यासारखे आहे. इंदुरात 1747 मध्ये मल्हाररावांनी राजवाड्याचे काम सुरू केले. खाली दगडी आणि वर लाकडी असे ते सात मजली प्रवेशद्वार म्हणजे वाड्याच्या दिंडी दरवाजाचेच अवाढव्य रूप होय. पण त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतील मराठी घरांनी मात्र माळव्याचा ओटला पत्करला, आणि संध्याकाळची बैठक ओसरीवरून ओटल्यावर आली. ग्वाल्हेरला 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली, तिचेच पुढे ‘लष्कर’ झाले. तेथे वाड्याचा उच्चारच ‘बाडा’ झाला आणि मराठी माणसेही तो तसाच करू लागली. हैदराबादेत देवडी हा शब्द वाढत वाढत इतका वाढला की, दारावरच्या पहाऱ्याच्या जागेचे नाव सबंध हवेलीला मिळाले. बेळगाव-कोल्हापूरकडे घराच्या दर्शनी भागाला सोपा म्हणतात, तर गोव्यात सोपो म्हणजे दारापुढच्या बल्कांवातील बसायचे आसन. गोव्याच्या जुन्या हिंदू घरांचे मुख आत, राजांगणातील तुळशीकडे असे. रस्त्याकडे तोंड करून, समोरासमोरच्या दगडी आसनांवर येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत बसण्याची रीत बल्कांवाने आणली.

बडोद्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे उसनवारीचा व्यवहार दोन्ही बाजूंनी झाला.

1734 पासून हे शहर गायकवाडांकडे राहिले. सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य अशी मराठी वस्ती रावपुरा, दांडिया बाजार या भागांत वाढली. तिच्या वाड्यांची मांडणी देशावरची, पण लाकूडकाम गुजराती सुतारांच्या हातचे. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा हे त्याचे आज उभे असलेले उदाहरण. दिवाण भाऊ तांबेकरांच्या या चार मजली लाकडी घराच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत. त्यांत कृष्णलीला आहेत, महाभारत आहे आणि मधूनच युरोपीय पोशाखातली माणसेही आहेत. पाहुण्याला दाखवायचे जग किती रुंद असावे, याची ही त्या काळची कल्पना.

अशी भिंत रंगवून घेणे दिवाणाला परवडे, कारकुनाला नव्हे. कारकुनाच्या भिंतीची सोय पुढे ज्या मार्गाने झाली, तीतही बडोद्याचा हात आहे. 1875 ते 1882 या काळात येथे दिवाण असलेले सर टी. माधवराव हे मूळचे कुंभकोणमचे, तंजावरकडील मराठी घराण्यातले. राजा रविवर्म्याने आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, म्हणजे ती घरोघर पोहोचतील, ही सूचना त्यांचीच. पुढे सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करून घेतली, ती लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी. 1894 मध्ये चित्रकाराने मुंबईत छापखाना काढला, 1899 मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती थोड्याच वर्षांत अगदी साध्या घरांच्या ओसरीवर विराजमान झाल्या. तंजावरच्या मराठी माणसाने सुचवावे, केरळच्या चित्रकाराने रंगवावे, गुजरातेतील मराठी राजाने आश्रय द्यावा आणि जर्मन यंत्रावर छापले जावे. आपल्या ‘पारंपरिक’ तसबिरीचे गोत्र इतके मिश्र आहे. त्या तसबिरींच्या शेजारी महाराजांचे छायाचित्र, लंबकाचे घड्याळ आणि पगडीसाठी दोन खुंट्या असल्या, की नोकरदाराची ओसरी पुरी होई.

आणि हिंदोळा. झोपाळा कोकणातल्या पडवीतही होता, तेव्हा तो गुजरातकडून घेतला असे म्हटले की आमचे कोकणस्थ मित्र हरकत घेतात, आणि ती योग्यच आहे. पण कोकणातली ती साधी फळी, कड्यांना टांगलेली, दुपारच्या वामकुक्षीची. बडोद्याच्या मराठी घरात जो आला तो संखेड्याचा हिंदोळा. संखेड्याचे खराडी सुतार सागाच्या पायांना चरकावर गोलाई देतात, रंगावर कथलाच्या वर्खाची नक्षी काढतात, वर लाखेचा हात फिरवतात आणि अकीकाच्या दगडाने घोटतात. लाखेखाली गेलेली रुपेरी नक्षी सोनेरी दिसू लागते. पितळी साखळ्यांत पोपट, हत्ती, मोर ओवलेले. असा हिंदोळा ओसरीवर टांगला गेला तेव्हा शोभा वाढलीच, पण बैठकीचा नियमही थोडा ढळला. गादीवर माणसाचा मान तो लोडापासून किती दूर बसला आहे यावरून मोजता येतो. हिंदोळ्याला असे वर-खाली नाही. यजमान आणि पाहुणा एकाच फळीवर बसतात आणि एकाच्या पायाच्या रेट्याने दोघेही हलतात. बडोद्यातील मराठी-गुजराती घरोब्यात या फळीचा वाटा शिष्टाचाराच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा मोठा असावा, असे आमचे मत आहे.

येथवरचे वर्णन वाचून मन प्रसन्न व्हावे हे साहजिक आहे. पाय धुवायला पाणी, हातावर गूळ, मग तांब्याभांडे, मग पानाचे तबक हा क्रम आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलेला आहे. परंतु त्या क्रमाबरोबर दुसराही एक क्रम होता. ढेलजेत कोणी थांबायचे, अंगणात कोणी उभे राहायचे, ओसरीच्या पायरीवर कोणी टेकायचे, जाजमावर कोणी आणि गादीवर कोणी बसायचे हे ठरलेले होते. कूळ अंगणाच्या पुढे येत नसे. बायकांचे स्वागत माजघरात. ओसरीवर पुरुष बसलेले असले तर त्या मागल्या दाराने येत. आणि ज्यांना दरवाजाच्या आतच येऊ दिले जात नसे त्यांच्यासाठी या साऱ्या सुंदर लाकूडकामाचा उपयोग काही नव्हता.

हे मोघम लिहून पुढे जाता येत नाही, निदान बडोद्याला तरी. 1917 मध्ये भीमराव आंबेडकर संस्थानच्या शिष्यवृत्तीवरचे शिक्षण घेऊन, ठरलेल्या करारानुसार नोकरीसाठी या शहरात आले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा मराठी अधिकारी. त्याला शिकायला पाठवणारा राजा मराठी. शहरात मराठी ओसऱ्यांना तोटा नव्हता. त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी सराईत त्यांनी आसरा घेतला आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परिचितांकडे विचारून पाहिले, तेथेही जमले नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. सराईतला जमाव पारशांचा होता, हे सांगून आपल्या लोकांनी सुटका करून घेतलेली आम्ही ऐकली आहे. मुळात सराईत जाण्याची पाळी का आली, हा प्रश्न मात्र आपल्या दिंडी दरवाजांपाशी येऊन थांबतो. ज्या बागेत ते बसले तिच्या जवळून आपण आजही जातो.

म्हणून जुने वाडे पडू लागले तेव्हा सगळ्याच गोष्टींसाठी हळहळावे असे आम्हांस वाटले नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वाटण्या झाल्या, लाकूड वाळवीने खाल्ले, भाडेकरूंचे दावे लांबले आणि वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. सदनिकेचे दार उघडले की पाऊल थेट बैठकीच्या खोलीत पडते. ढेलजेची जागा चपलांच्या कपाटाने घेतली आहे. घंगाळात आता पाणी भरून त्यावर फुले तरंगत ठेवतात, पानाचे तबक पत्रिका ठेवण्यासाठी, समई विजेवर. कोणाच्या तरी आजोळच्या कोरीव दाराचे काच लावून मेज झालेले असते. यात हसण्यासारखे काही नाही. वस्तूंना मरण येण्यापेक्षा नोकरी बदललेली बरी. शिवाय आता कोणीही सोफ्यावर बसते आणि कोणालाही त्याच पेल्यात चहा मिळतो, हे जुन्या सदरेला कधी जमले नव्हते.

गेले ते दुसरेच काही. बाहेरच्या आणि आतल्या भाषेसाठी घरात दोन जागा होत्या. ओसरीवर गुजराती, हिंदी, कानडी, उर्दू जी गावाची भाषा ती चालायची. वकील, दूधवाला, शेजारी, मुलांचे मास्तर सर्व तेथे. माजघराचा उंबरठा ओलांडला की मराठी. मुलाला कोणी सांगावे लागत नसे; जसा पाय कोठे धुवायचा हे कळे तसेच कोठे काय बोलायचे हेही कळे. सहा-सात पिढ्या ‘परक्या’ मुलखात भाषा टिकली ती संस्थांमुळे, वाचनालयांमुळे टिकली हे खरेच. परंतु या दोन खोल्यांमधल्या भिंतीचे श्रेय कोणी मोजलेले नाही. आता बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंतच नसते. पुढच्या खोलीतली भाषा, त्यात दूरचित्रवाणीचीही आली, फोडणीपर्यंत पोहोचते. गुजराती किंवा हिंदी यांच्याविषयी आमची तक्रार नाही. ज्या भाषांनी आपल्याला ओटला आणि हिंदोळा दिला त्यांच्याशी तक्रार कसली करायची? अडचण एवढीच की, भिंत पाडताना जातीची आणि बाईमाणसाची अडवणूक गेली ती बरीच झाली, आणि त्याच भिंतीच्या आडोशाला असलेली भाषाही उघड्यावर आली.

काही घरांनी यावर आपापला उपाय काढलेला दिसतो. एका परिचित कुटुंबाने नव्या घरात जेवणाच्या टेबलालाच माजघर म्हणायला सुरुवात केली आहे, आणि नातवंडे तेथे मराठीतच मीठ मागतात. दुसऱ्या एका घरी दाराशी केवळ हातभर जागा आहे, पण वाड्यातून काढून आणलेल्या दोन खुंट्या तेथे ठोकलेल्या आहेत. पगडी नाही, शाळेची दप्तरे लटकतात, आणि सारे त्या कोपऱ्याला ढेलजच म्हणतात.

या शब्दांची यादी आता करून ठेवायला हवी. आपल्या घरी पुढच्या जागेला ढेलज म्हणत की देवडी, सोपा की ओटला, हिंदोळा कोठे टांगलेला होता, भिंतीवर कोणती चित्रे होती, आणि कोण कोठपर्यंत येत असे, हे घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून वाचकांनी लिहून ठेवावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणी चटकन देत नाही. तो दोनदा विचारावा लागतो.