खिडकीचं माप, गावाचं माप

गेल्या रविवारी उरणला हनुमान कोळीवाड्यात गेलो होतो. बातमीसाठी नाही, ओळखीच्या एका घरी. मुलीचं लग्न ठरलंय म्हणून खिडक्या बदलायचं चाललंय. अ‍ॅल्युमिनियमचं काम करणारा पोरगा टेप घेऊन मापं काढत होता. मी चहा पीत बघत बसलो.

त्याने एकाच खिडकीची रुंदी तीनदा मोजली. वर 47 इंच 2 सूत, मध्ये 47, खाली 46 इंच 6 सूत. (आठ सुतांचा एक इंच, हे नव्या पोरांसाठी.) मग उंचीही तीन ठिकाणी. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं. दोन्ही कर्ण सारखे आले तर खिडकी गुण्यात. इथे पाऊण इंचाचा फरक निघाला. मी विचारलं, यातलं कुठलं माप धरणार? म्हणाला, "सगळ्यात लहान. मोठं धरलं तर बसणारच नाय."

मग त्याने चौकटीत स्क्रू ड्रायव्हर टोचला. अर्धा आत गेला. वरून रंग चकचकीत, आत नुसता भुसा. वाळवी.

हा कोळीवाडा वाळवीचाच कोळीवाडा म्हणून ओळखला जातो. आणि त्याची गोष्ट खिडकीपाशी सुरू होत नाही, बंदरापाशी सुरू होते.

आपण 'न्हावा-शेवा' एका दमात म्हणतो, पण ही दोन वेगळी गावं. न्हावा पनवेल तालुक्यातलं, शेवा उरण तालुक्यातलं. मुंबई बंदरावरचा ताण कमी करायला इथे नवं बंदर बांधायचं ठरलं. त्याआधीच, 1970 पासून, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली होती. भावाचा आणि हक्काचा वाद पेटला. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली माणसं रस्त्यावर उतरली. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत देण्याचं जे तत्त्व आलं, त्याच्या मुळाशी हे रक्त आहे. दर जानेवारीत आपण अभिवादन करतो, त्यामागचा हिशेब नव्या पिढीला किती माहीत आहे, हा प्रश्नच आहे.

26 मे 1989 ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. बंदर आलं म्हणजे जुना शेवा गेला. गावाचे दोन भाग झाले. शेतकरी नवीन शेव्यात आणि कोळी बोरीपाखाडीजवळच्या हनुमान कोळीवाड्यात. अडीचशेच्या आसपास कुटुंबं. ज्यांचं अंगण म्हणजे समुद्र होता, त्यांना गुंठ्यात मोजलेली जागा मिळाली.

आता गुंठा म्हणजे काय? 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद. 1089 चौरस फूट. मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतीला हे माप चालतं. पण जाळं वाळवायची जागा, होडी ओढून ठेवायचा किनारा, मासळी सुकवायचं खळं कुठल्या साखळीत बसवणार? सातबाऱ्यावर समुद्राचा गट नंबर नसतो. मोजणीत कोळी तिथेच कमी पडला. त्याच्या हक्काची सगळ्यात मोठी गोष्ट कागदावर आलीच नाही.

आणि नव्या जागेवर वाळवी निघाली. वाळवी लाकडातून येत नाही, जमिनीतून येते. ओल आणि माती मिळाली की पायातल्या फटीतून, भिंतीवर मातीच्या नळ्या करत वर चढते. म्हणून घर बांधायच्या आधी, पाया भरतानाच जमिनीला औषध द्यावं लागतं. नंतर फवारलेलं औषध थोडे दिवस टिकतं. इथे दरवाजे गेले, खिडक्या गेल्या, छपराचे वासे गेले, कपाटातली कागदपत्रं गेली. पुनर्वसनासाठी मागण्या झाल्या, बैठका झाल्या, होड्या घेऊन समुद्रात आंदोलनं झाली. अटल सेतू 2024 च्या जानेवारीत सुरू झाला, शिवडीहून 21.8 किलोमीटरवर न्हावा-शेवा. गाड्या सुसाट येतात. कोळीवाड्याचा प्रश्न मात्र जाग्यावरच.

म्हणूनच त्या घरातला खिडकीचा विषय साधा नव्हता. काका म्हणाले, "उद्या दुसरीकडं जायाचं ठरलं तर हा खर्च पाण्यात. नाय ठरलं तर पोरीचं लगीन या खिडकीसमोर. आता कवरी वाट बगाची?"

काकू म्हणाल्या, "वाट बगण्यात माजी पोरं मोठी झाली." मग काकांकडे न बघता त्या पोराला म्हणाल्या, "तू माप लिव."

त्या पोराने शहाणपणाची गोष्ट सांगितली. आत्ताचं माप कच्चं. चौकट काढली की भिंतीत रुतलेल्या लोखंडी पट्ट्या प्लास्टर घेऊन बाहेर येतात, भोक मोठं होतं. म्हणून आधी चौकट काढायची, कडा भरायच्या, प्लास्टर सुकू द्यायचं आणि मग पक्कं माप घेऊन खिडकी कापायला टाकायची. खाली बाहेरच्या बाजूला उतार हवा, रुळाला पाणी जायला भोकं हवीत, नाहीतर आपल्या पावसात पाणी घरात. खाऱ्या वाऱ्याला साधे लोखंडी स्क्रू चालत नाहीत, स्टेनलेसचे घ्यायचे. आणि अ‍ॅल्युमिनियम बसवलं म्हणून वाळवी मेली असं नाही. तिला खिडकीत खायला मिळालं नाही तर ती माळ्यावर जाईल. जमिनीतला बंदोबस्त वेगळाच करावा लागतो.

परत येताना हेच डोक्यात होतं. खिडकी करणारा पोरगा तीन ठिकाणी माप घेतो, तिरकं मोजतो, भिंत वाकडी आहे हे आधी मान्य करतो आणि पक्कं माप नंतर घेतो. एवढी काळजी एका गावाचं माप घेताना घेतली असती तर? गावात जाऊन, माणसांना विचारून, होडीची आणि जाळ्याची जागा धरून, जमिनीत ओल किती हे बघून? नव्या प्रकल्पांसाठी आजही आपल्याकडे मोजण्या चालू आहेत. मोजणीला माणसं आली की घरात बसू नका. सोबत फिरा, काय लिहिलं ते वाचा, काय लिहिलं नाही ते विचारा, नक्कल मागून घ्या.

आणखी एक विनंती. कुणाच्या घरी जुन्या शेव्यातून आणलेली एखादी चौकट, दरवाजा, फोटो किंवा कागद शिल्लक असेल तर वाळवी लागायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा. मलाही पाठवा. जुन्या शेव्यात कुठलं घर कुठे होतं, हे सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.

त्या घरची जुनी चौकट पुढच्या आठवड्यात निघणार आहे. काकांनी एक तुकडा ठेवायचं ठरवलंय. कशाला, विचारलं, तर म्हणाले, "नातवाला दाखवाला."