सेट

सेट : इंग्रजी भाषेतील तीन अक्षरांचा एक अत्यंत अनेकार्थी शब्द. तो क्रियापद, नाम आणि विशेषण अशा तिन्ही प्रकारे वापरला जातो. क्रियापद असताना त्याचे वर्तमानकाळाचे व भूतकाळाचे रूप एकच राहते, त्यामुळे काळ पुष्कळदा संदर्भावरूनच ओळखावा लागतो.

आज एकच भासणाऱ्या या शब्दात दोन निराळी कुळे मिसळली आहेत. क्रियापद प्राचीन इंग्रजीतून आले असून ते ‘सिट’ म्हणजे बसणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. मराठीत बसणे आणि बसवणे यांचे जे नाते, तेच सिट आणि सेट यांचे. या क्रियापदांमागचा इंडो-युरोपीय धातू संस्कृतात ‘सद्’ या रूपाने आढळतो व ‘सदन’, ‘संसद’ हे शब्द त्यापासूनच झाले आहेत. गट किंवा समूह हा अर्थ मात्र बऱ्याच अंशी लॅटिनमधील पंथवाचक ‘सेक्टा’ या शब्दाकडून जुन्या फ्रेंचमार्गे आला आणि उच्चारसाम्यामुळे पहिल्या प्रवाहात मिळून गेला.

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाची नोंद सर्वांत दीर्घ होती : सुमारे 430 अर्थ आणि त्यांच्या विवरणासाठी सुमारे 60,000 शब्द. पुढे सुधारित आवृत्तीचे काम सुरू असता 2011 मध्ये ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले गेले व हा मान त्याच्याकडे गेला. अशा आकड्यांना फार महत्त्व देणे योग्य नाही, कारण अर्थ कोठे संपतो आणि त्याची छटा कोठे सुरू होते हे कोशकारच ठरवतो. सेटचा गाभा ‘एखादी गोष्ट विशिष्ट जागी वा स्थितीत आणणे’ एवढाच असून बाकीचा अर्थ बहुधा कर्म पुरवते : हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे, टेबलावर जेवणाची मांडामांड करणे, गजराची वेळ लावणे, कवितेला चाल लावणे, कैद्याला मुक्त करणे या सर्वांना इंग्रजीत हे एकच क्रियापद पुरते. मराठीत हीच कामगिरी ‘लावणे’ करते. दिवा, दार, झाड, पैज आणि नाव या पाचांना ते लागू पडते, तेव्हा या अनेकार्थतेला इंग्रजीचे वैचित्र्य मानण्याचे कारण नाही. सेटपुढे ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’ यांसारखी अव्यये जोडली की अर्थ आणखी फुटतात. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासास निघणे, स्फोट घडवणे आणि हिशेबातील वजावटही. कर्म नसतानाही हे क्रियापद चालते : सूर्य मावळतो आणि जेली घट्ट होते, तेही सेटच.

काही क्षेत्रांत या शब्दाला काटेकोर पारिभाषिक अर्थ मिळाला आहे. सिमेंट सेट होणे म्हणजे त्याची प्रवाहिता जाऊन ते आकार धरणे, बळकटी येणे नव्हे. ती प्रक्रिया पुढे कित्येक दिवस चालते. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटला आकार धरू लागण्यास किमान 30 मिनिटे लागली पाहिजेत आणि ही क्रिया 600 मिनिटांच्या आत पूर्ण झाली पाहिजे. टेनिसमध्ये किमान दोन गेमच्या आघाडीने किमान सहा गेम जिंकणाऱ्याचा सेट होतो. 2010 च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा सेट 70–68 असा संपला, कारण तेथे निर्णायक सेटला तेव्हा टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडणारा गेम, नव्हता. गणितात गेओर्ग कँटरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या सिद्धांताचा विषय असलेल्या ‘मेंगे’ या जर्मन संज्ञेला इंग्रजीत सेट आणि मराठीत ‘संच’ म्हणतात.

मराठीत हा शब्द दागिन्यांचा सेट, चहाचा सेट, चित्रपटाचा सेट अशा नामरूपांत रुळला असून क्रियापदाचे काम ‘करणे’ व ‘होणे’ यांच्या साहाय्याने होते. ‘सेटिंग’ला बोलीत संगनमताचा वास आहे, जो इंग्रजीत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेत असलेल्या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचे ‘सेट’ हे नाव आद्याक्षरांवरून बनलेले आहे. त्याचा या शब्दाशी संबंध नाही.