बंद भट्ट्यांची व्हिस्की

स्कॉटलंडमधल्या बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांच्या बाटल्या आज लोक लिलावात लाखो रुपये मोजून घेतात. पण ज्या वर्षी त्या बंद पडल्या त्या वर्षी ही व्हिस्की कुणालाच नको होती. आपण तिथूनच सुरुवात करू.

पोर्ट एलन हे गाव ज्या बेटावर आहे त्याचा उच्चार 'आयला'. हसलात ना? पण उच्चार खरोखर तोच आहे. तिथली डिस्टिलरी १८२५ची. मधे बरीच वर्षं बंद राहून १९६७ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९८३ मध्ये परत बंद. कारण हिशेबाचं. आज गाळलेली व्हिस्की आठ-दहा वर्षांनी बाजारात जाते, म्हणजे चुकीचा अंदाज कळायलाही तेवढीच वर्षं लागतात. सत्तरच्या दशकात कंपन्यांनी भरमसाट गाळून ठेवली. पुढे मंदी आली, आणि तरुण मंडळी व्होडका-वाइनकडे वळली. गोदामं तुडुंब भरली. मग डिस्टिलर्स कंपनीने एकाच वर्षात अनेक भट्ट्या विझवल्या. आयलावर तिच्याच मालकीच्या लागावुलिन आणि कौल ईला होत्या, तिसरी परवडेना. चव कुणी विचारात घेतली असेल असं मला वाटत नाही. माल्ट जायचा ब्लेंडमध्ये, बाटलीवर नावही नसायचं.

इन्व्हरनेसच्या ग्लेन म्होर आणि ग्लेन अल्बिन तर पाडूनच टाकल्या. तिथे आता दुकानं आहेत. लिनलिथगोच्या सेंट मॅग्डलीनमध्ये लोक राहतात.

ब्रोराची गोष्ट जरा वेगळी. १८१९ मध्ये ती काढली सदरलँडच्या जमीनदाराने, म्हणजे ज्याच्या कारभाऱ्यांनी त्याच काळात शेकडो कुळांना घरांतून हुसकून किनाऱ्यावर आणलं त्याने. किनाऱ्यावर पिकणाऱ्या धान्याला गिऱ्हाईक हवं, म्हणून ही भट्टी. तिच्या बाटलीला 'वारसा' म्हणताना मला नेहमी थोडं अडखळायला होतं. तीही १९८३ मध्येच बंद झाली.

पिंपं मात्र गोदामात राहिली. सिंगल माल्टची आवड वाढली तोवर ती वीस वर्षांची झाली होती. २००१ पासून पोर्ट एलनच्या बाटल्या दरवर्षी मोजक्या संख्येने येऊ लागल्या आणि जमवणारे तुटून पडले. पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के उडून जाते, नवी भर शून्य, आणि प्यायली की बाटली संपली.

पैसा आला तशी लबाडीही आली. २०१८ मध्ये जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ५५ बाटल्यांची कार्बन-चाचणी झाली; त्यांतल्या २१ नकली किंवा लेबलवरच्या सालाशी न जुळणाऱ्या निघाल्या. अणुचाचण्यांनंतरच्या बार्लीत वेगळा कार्बन असतो, तो लपवता येत नाही.

ब्रोरा २०२१ मध्ये पुन्हा पेटली, पोर्ट एलन २०२४ मध्ये, जुन्यांच्या बरहुकूम घडवलेल्या तांब्याच्या भांड्यांसह. पण कायद्याने तीन वर्षं लाकडात मुरल्याशिवाय त्या द्रवाला व्हिस्की म्हणता येत नाही. आता प्रश्न घेऊ या.